नव्या डिझाइनची वही: तालुक्याच्या गावात बसून फॅशनवर नजर कशी ठेवायची

माझ्या शिवणाच्या दुकानातल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात मोरपंखी रंगाची टिकलीची नेट पडून आहे. अकरा मीटर. चार वर्षांपूर्वी हैदराबादेतून आणली. व्यापारी म्हणाला होता, "मॅडम, इस साल यहीच चलेगा." खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्याच्याकडे चाललंही असेल. आमच्या सेलूत (जिल्हा परभणी) मात्र त्या उन्हाळ्यात एकीनंही नेटला हात लावला नाही, कारण मे महिन्यात टिकली अंगाला टोचते. दीड वर्षानं टिकलीची मागणी आली तेव्हा सगळ्यांना हवा होता लॅव्हेंडर.

तेव्हापासून मी वही ठेवते. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, शाळेच्या दुकानात मिळते ती. नवी डिझाइनं बघायला मिळत नाहीत अशी आता कुणाची तक्रार नाही. रात्री फोन हातात घेतला की तासाभरात तीनशे ब्लाउज डोळ्यांसमोरून सरकतात आणि सकाळी त्यातला एकही धड आठवत नाही. सासूबाई विचारायच्या, "रातभर त्या मोबाइलात काय बघायलीस गं?" मी म्हणायचे, धंद्याचं बघतेय. त्यांना ते पटायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

गावात शिवणाचं दुकान, छोटं बुटीक, साड्यांचं दुकान चालवणाऱ्या किंवा घरी बसून आरी वर्क (आकडीच्या सुईनं केलेलं भरतकाम) करणाऱ्या बायकांसाठी हे लिहितेय. शिकाऊ मुलींनी तर पहिल्या दिवसापासून वही धरावी.

आधी बिलबुक उघडा

फोन उघडण्याआधी बिलबुक उघडा. मागच्या सहा महिन्यांची बिलं घ्या आणि काय काय शिवलं त्याच्या रेघा मारा: साधा ब्लाउज, अस्तराचा ब्लाउज, प्रिन्सेस कट, पंजाबी ड्रेस, लहान मुलींचे फ्रॉक, शिवलेली नऊवारी, फॉल-पिको. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. मी रात्र रात्र लेहंगे आणि गाऊन बघत होते, आणि दुकान चाललं होतं अस्तराच्या ब्लाउजवर. वर्षभरात लेहंगे किती शिवले? चार. त्यातला एक माझ्या भाचीचा, फुकट.

म्हणून नजर कशावर ठेवायची ते बिलबुकाला ठरवू द्या. माझं उत्तर असं निघालं: ब्लाउजचा मागचा गळा, बाही आणि काठाची जोडणी. नव्वद टक्के लक्ष मी या तिन्हींवर देते. पुरुषांचं शिवत नसाल तर जॅकेट-कुर्त्याची खाती फोनवरून सरळ काढून टाका. भरपूर बघितल्यानं नजर तयार होते असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे, नुसते डोळे दुखतात.

डिझाइन गावात येतं कुठून

शिवणीतलं डिझाइन आणि कापडातलं डिझाइन एकाच वेगानं चालत नाही. नव्या तऱ्हेचा गळा किंवा बाही यायला फक्त कात्री लागते. आज रीलवर दिसलं की आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी फोन पुढे करून मागते. कापडाचं तसं नाही. दुकानदाराचा आधीचा माल खपल्याशिवाय नवा रंग, नवं विणकाम रॅकवर येत नाही. सुरतेला निघालेली साडी आमच्या बाजारपेठेत सहज एक हंगाम मागून दिसते. म्हणून माझ्या वहीचे दोन भाग आहेत. पुढून शिवणीचं, मागून उलटी धरून कापडाचं. पुढचा भाग दर आठवड्याला भरतो, मागचा महिन्यातून एकदा.

आता उगमाच्या जागा. माझ्याकडे पाचच आहेत आणि सहावी घालायची तर जुनी एक काढते.

पहिली जागा इन्स्टाग्राम. तिथं मोठ्या नटीच्या खात्यापेक्षा कामाची असतात हैदराबाद, विजयवाडा, बंगळूरकडच्या ब्लाउजवाल्यांची खाती. नांदेडपलीकडे तेलंगण लागतं. तिथलं मग्गम वर्क, म्हणजे आपलं आरीचंच भरगच्च रूप, लग्नाच्या ब्लाउजवर आमच्याकडे आलं ते त्याच वाटेनं. हे नातं जुनंच आहे. 1948 पर्यंत अख्खा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, आणि आजही देवगिरी एक्सप्रेस एका बाजूला मुंबई गाठून देते, तर दुसऱ्या बाजूला हैदराबाद. मुंबईकडचा हलका, कमी कामाचा ब्लाउज आणि तिकडचा भरलेला ब्लाउज, दोन्ही माझ्या टेबलावर येऊन भेटतात.

दुसरी जागा पिंटरेस्ट. फोटो मोठे आणि स्वच्छ मिळतात. खोड एकच, तुम्ही जे बघाल तेच ते पुन्हा पुढे आणून ठेवतं. चार बोटनेक (खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवा गळा) उघडले की पंधरा दिवस बोटनेकच. त्यावर उपाय म्हणजे महिन्यातून एकदा गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द टाकून शोधायचं. "कोपरापर्यंतची बाही", "पाठीवर लटकन" असलं काहीही, मराठीत आणि हिंदीतही. वेगळंच काहीतरी वर येतं.

तिसरी जागा मोठे फॅशन शो. याला मी वर्षातून पाच-सहा संध्याकाळींपेक्षा जास्त वेळ देत नाही. पॅरिस, मिलान, लंडन, न्यूयॉर्कचे शो फेब्रुवारी-मार्चात पुढच्या थंडीचे कपडे दाखवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुढच्या उन्हाळ्याचे. त्यांची थंडी आपल्या कामाची नाही, पण बाही फुगतेय की चपटी होतेय, कंबर वर सरकतेय की खाली, एवढं बघून घ्यावं. आपल्याकडचा लॅक्मे फॅशन वीक साधारण मार्च आणि ऑक्टोबरात असतो. आपल्याला जास्त उपयोगी जुलैतला दिल्लीचा कुट्युअर वीक, कारण त्यात नवरीचे कपडे असतात. तिथली एखादी बाही सोपी होत होत तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत आपल्याकडे पोचते.

याच खात्यात रंगांचे नमुने ठरवणाऱ्या पँटोन कंपनीचा वर्षाचा रंगही टिपून ठेवते. तो दर डिसेंबरात जाहीर होतो. 2023 चा व्हिवा मजेंटा आपल्या राणी रंगाच्या इतका जवळचा होता, की आमच्या बायका तो तीन पिढ्या आधीच नेसून बसल्या होत्या. 2024 ला पीच फझ आला, तो साखरपुड्याच्या साड्यांत खरंच दिसला. 2025 चा मोका मूस, म्हणजे कॉफीत दूध घातल्यासारखा तपकिरी. मी तो एका नवरीच्या आईला दाखवला. ती म्हणाली, "हे असलं मातकट लग्नात? व्याही काय म्हणतील?" तेही वाक्य वहीत आहे.

चौथी जागा सणाला माहेरी आलेल्या लेकी. ही माझी सगळ्यात भरवशाची. पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत दिलेल्या किंवा तिथं नोकरी करणाऱ्या मुली महालक्ष्म्यांना आणि दिवाळीला गावी येतात. त्यांच्या अंगावर जे असतं ते रीलवरचं नसतं, त्यांनी पैसे मोजून घेतलेलं आणि वापरलेलं असतं. त्या आठ दिवसांत देवळात, हळदीकुंकवाला, बसस्टँडवर डोळे उघडे ठेवा. फोटो काढत बसू नका, वाईट दिसतं. घरी येऊन लिहा.

पाचवी जागा ठोक बाजार. त्याचं पुढे सांगते.

वहीचं एक पान

पानावर सहा रकाने आखा: तारीख, कुठे दिसलं, नवं काय, कापड, कुणी मागितलं, शिवलं का. "नवं काय" या रकान्यात एकच गोष्ट लिहायची हा माझा कडक नियम आहे. "सुंदर ब्लाउज" असं लिहिलं की ती नोंद मेली. सुंदर कशानं झाला ते सापडेपर्यंत फोटोकडे बघत बसायचं.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते.

"12 ऑगस्ट. रील. मागचा गळा मटका, पण मटक्याचं तोंड वर बंद, दोन बोटं रुंद आडवी पट्टी, पट्टीला कापडी बटणं तीन. कापड खण, काळा, लाल काठ. बाही कोपरापर्यंत, टोकाला काठ उभा लावलाय, आडवा नाही. हूक पुढे."

या नोंदीतलं नवं म्हणजे बाहीला उभा लावलेला काठ. मटका गळा (मडक्याच्या आकाराचा), कापडी बटणं, खण हे सगळं आधीपासून चालू होतं. म्हणून "काठ उभा" याच्याखाली मी लाल रेघ ओढली. "कुणी मागितलं" या रकान्यात 3 सप्टेंबरला पहिली रेघ पडली, महिनाअखेरीस तीन झाल्या आणि नवरात्रात एकदम नऊ. काठ उभा लावला की बाहीला काठ कमी लागतो आणि ब्लाउजपीसमधला उरलेला काठ पाठीला वापरता येतो. बायकांना ते डिझाइन आवडलंच, पण उरलेला काठ बघून जास्त आवडलं.

"कुणी मागितलं" या रकान्यात मी नाव लिहीत नाही. साधं खुणेचं लिहिते: बँकेतली, शाळेतली, नवरी, नवरीची आई, कॉलेजची. वही टेबलावर पडलेली असते, कुणीही चाळतं. आणि यात एक शिकण्यासारखं आहे. कॉलेजच्या मुलीनं मागितलेलं डिझाइन झपाट्यानं पसरतं आणि तितक्याच झपाट्यानं बसतं. शाळेतल्या बाईंनी मागितलं की समजावं, आता हे वर्ष-दोन वर्षं हलत नाही. मी अस्तर, लटकन, बटणांचा साठा बाईंच्या रेघांवर करते.

पाच रेघा पडल्या की नमुना शिवायचा, हे माझं गणित. तुमच्या गावात तीन असेल, शहरात दहा असेल. दोन वह्या भरल्या की आपोआप कळतं.

फोनमधली मांडणी

स्क्रीनशॉट काढण्यात आपण सगळ्याच पटाईत आहोत, तो पुन्हा सापडण्याशी आपलं वैर. मी असं करते. फोनच्या गॅलरीत सात अल्बम: मागचा गळा, पुढचा गळा, बाही, काठ-जोडणी, ड्रेस, लहान मुली, आरी. फोटो काढला की तो तिथल्या तिथे अल्बममध्ये टाकायचा आणि एडिटमध्ये जाऊन कोपऱ्यात आकडा लिहायचा. वहीचं पान 23, नोंद चौथी, तर फोटोवर 23-4. वहीतून फोटो सापडतो, फोटोवरून वही सापडते.

इन्स्टाग्रामवर "सेव्ह" केलेल्यावर विसंबू नका. ज्याची पोस्ट त्यानं ती काढली की तुमच्याकडूनही गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, धावपळीत ते बरं पडतं, पण रविवारी तिथून उचलून अल्बममध्ये टाकायचं म्हणजे टाकायचं. आणि गूगल फोटोजसारख्या ठिकाणी एक प्रत चढवून ठेवा. माझा फोन एकदा इस्त्रीच्या पाण्याच्या बादलीत पडला आणि दोन वर्षांचे फोटो बुडाले. वही होती म्हणून निदान वर्णनं उरली. त्यावरून पुन्हा चित्रं काढली, तीही बरीचशी जमली.

एखादा फोटो कुठून आला ते शोधायचं असेल तर गूगल लेन्स वापरा. फोटोवर लेन्स लावली की तोच फोटो आणखी कुठे कुठे आहे ते दिसतं. गिऱ्हाईक "एकदम नवीन निघालंय" म्हणून जो फोटो दाखवते तो पुष्कळदा तीन-चार वर्षं जुना असतो. ते तिला सांगायचं नाही. आपण समजून घ्यायचं, की हे आता आपल्याकडे येतंय.

गूगल ट्रेंड्सही फुकट आहे. त्यात भारत, मग महाराष्ट्र निवडून दोन शब्दांची तुलना करता येते. तिथला 100 हा आकडा म्हणजे त्या काळातला सगळ्यात वरचा बिंदू, शंभर माणसं नव्हेत. "खण साडी" आणि "पैठणी" शेजारी टाकून पाच वर्षांचा आलेख काढून बघा, कुठल्या महिन्यात कशाचा डोंगर होतो ते आपोआप दिसेल. इंग्रजी अक्षरांतही टाकून बघा, बायका शोधताना तशाच टाकतात.

फोटो शिवता येतो का

गेल्या वर्ष-दीड वर्षात एक नवीनच भानगड आली आहे, एआयनं काढलेले फोटो. मागच्या हिवाळ्यात एक नवरी असाच फोटो घेऊन आली. पाठ पूर्ण उघडी, मधोमध जरीचा मोर, मोराचा पिसारा दोन्ही खांद्यांकडे गेलेला. बघतच राहावं असा. मी फोटो मोठा केला. मोराला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. खाली पट्टा नाही, जाळी नाही, शिवण नाही, हूक ना पुढे ना मागे. मोर तिच्या पाठीला चिकटला होता जणू गोंदलेला. मी तिला विचारलं, "बाई, हा अंगात घालायचा कुठून?" ती, तिची आई आणि मी, तिघी हसत सुटलो. शेवटी त्वचेच्या रंगाची नेट लावून त्यावर मोर आरीनं भरला. तो बरा दिसला, पण तसा फोटोतल्यासारखा नाही, आणि हे मी तिला आधीच कागदावर लिहून दिलं होतं.

म्हणून फोटो आला की पाच गोष्टी बोटानं दाखवून तपासा. हूक किंवा चेन कुठे आहे. खांद्याची शिवण कुठे येते. छातीला आकार कशानं दिलाय: टक्स आहेत, प्रिन्सेस कट आहे की कटोरी. गळा एवढा मोठा असेल तर खांदा घसरू नये म्हणून डोरी आहे का. आणि मुंढ्यात बाही कशी बसवली आहे. पाचांपैकी दोनांचं उत्तर सापडत नसेल तर फोटो बनावट आहे किंवा मॉडेलला मागून पिना लावल्या आहेत. पिना लावलेले फोटो तर सर्रास असतात.

मग नमुना. थेट गिऱ्हाइकाच्या कापडावर नवीन गळा कधीही कापू नका. मी मांजरपाटाचं स्वस्त थान आणून ठेवते, त्यावर आधी कापते. नुसती पाठ शिवली तरी पुरतं. पाठीचा गळा खोल गेला की कॅनव्हास (आतलं कडक कापड) किती रुंद लावायचा, पाइपिंग तिरक्या पट्टीची किती पातळ काढायची, ते तिथंच कळतं. नमुन्यावर पेननं 23-4 लिहायचं, शिवायला लागलेला वेळही लिहायचा आणि खुंटीला टांगायचं. तो वेळ लिहिला नाही तर शिलाई किती सांगायची ते कळत नाही. तो उभा काठ मी पहिल्या तिघींना साध्या बाहीच्याच दरात लावून दिला होता. एका बाहीला वीस मिनिटं जास्त जातात हे नंतर उमगलं.

गिऱ्हाइकाला फोनपेक्षा खुंटीवरचा नमुना जास्त पटतो. हात लावून बघता येतो ना.

वर्षाचं कॅलेंडर

डिझाइनपेक्षाही ते कधी लागणार हे आधी माहीत असणं मला जास्त कामाचं वाटतं. आमच्याकडे पैसा शेतातून येतो. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास बाजारात येतं, कापूस त्यानंतर. भाव पडला की गिऱ्हाईक नवीन साडी घेत नाही, जुन्या साडीवर नवीन ब्लाउज शिवते. अशा वर्षी कॉन्ट्रास्ट ब्लाउजच्या नोंदी आधीच काढून ठेवते.

संक्रांतीला काळं लागतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण काळ्या खणाचा आणि काळ्या अस्तराचा साठा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला पाहिजे. खण मुळात कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. आजीच्या चोळीत अडकलेला हा कपडा काही वर्षांपूर्वी साडी, ड्रेस, अगदी लहान मुलींच्या परकरापर्यंत पसरला. जुन्या कापडाला नवं रूप मिळतं ते कसं, हे बघायचं तर खणाचंच पान उलटावं.

नवरात्राच्या नऊ रंगांची यादी येण्याची वाट बघत बसू नका. पहिल्या सात दिवसांचे रंग वाराप्रमाणे ठरलेले असतात: सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार नारिंगी. उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले दोन येतात. 2024 ला घटस्थापना गुरुवारी होती, सुरुवात पिवळ्यानं झाली. 2025 ला सोमवारी होती, पांढऱ्यानं झाली. पंचांगात घटस्थापनेचा वार बघितला की सात रंग तुम्हाला सहा महिने आधी माहीत. राखाडी ब्लाउज दरवर्षी ऐनवेळी कुणाकडेच नसतो, म्हणून मी राखाडी कापड ऑगस्टमध्येच घेते.

महालक्ष्म्यांच्या आधी आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्यांना शिवलेल्या साड्या मागायला बायका येतात. त्यातही फॅशन असते बरं. गेल्या दोन वर्षांत महालक्ष्म्यांनाही शिवलेली मस्तानी नऊवारी लागते.

आणि अधिक महिना विसरू नका. 2023 ला अधिक श्रावण होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. ऐन लग्नसराईतले चार आठवडे कोरडे जातात, पण धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला कपडे करतात, त्यामुळे साडी-ब्लाउज थांबत नाही. नवरीचं काम आधी उरकायचं आणि त्या महिन्यात काठपदराचं घ्यायचं, असा बेत आखता येतो.

बाजाराला जाताना

मी वर्षातून दोनदा जाते, एकदा हैदराबादेला, एकदा संभाजीनगरला. गुलमंडी, औरंगपुरा भागात फिरले की मराठवाड्यात काय विकलं जातंय ते कळतं. हैदराबादेत मदिना, पत्थरगट्टीकडे कापड, चारमिनारजवळच्या लाड बाजारात लेस, काठ, लटकनं. लातूरच्या मैत्रिणी गंजगोलाईतूनच निम्मं काम भागवतात, सोळा रस्ते येऊन मिळणारा बाजार, तिथंही फिरायला दिवस पुरत नाही.

बाजारात पहिला तास काहीही विकत घ्यायचं नाही. एका गल्लीतली दहा दुकानं बाहेरून बघायची आणि किती दुकानांच्या पुतळ्यांवर एकच गोष्ट आहे ते वहीत मोजायचं. दहातल्या सहा पुतळ्यांवर एकच काठ असेल तर तो आता सगळीकडे पोचलेला आहे, तुमच्या गावात सहा महिन्यांत उतरेल. दहातल्या एकावर असेल तर थोडा नमुना घ्यायचा, थान नाही. दुकानदाराला "नवीन काय" विचारू नका, तो पडून असलेलं काढतो. "परत कशाची ऑर्डर दिलीत?" असं विचारा. ज्याची दुसऱ्यांदा ऑर्डर गेली तेच खपलेलं असतं. ही अक्कल मला त्या अकरा मीटरनं शिकवली.

आपल्या अंगणातलं

फॅशन बाहेरूनच येते असं धरून चाललं की हाताशी असलेलं दिसत नाही. पैठण आमच्याकडून चार तासांवर आहे. पैठणीच्या पदरावरची नावं पाठ करा: बांगडीमोर, मुनिया, असावली, कमळ, नारळी काठ. वहीत "मोराची साडी" लिहिलं तर पुढच्या वर्षी कुठला मोर ते कळणार नाही. बांगडीमोर म्हणजे गोलात बसवलेले मोर, मुनिया म्हणजे काठावरचे छोटे पोपट. काठ कुठला आहे त्यावर ब्लाउज ठरतो. नारळी काठ टोकदार असतो, तो बाहीला लावताना टोकं कापली की सगळी शोभा जाते.

पदर उलटा करून बघायची सवय लावून घ्या. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. मागे कापलेले, लोंबणारे धागे दिसले तर ती यंत्रावरची. दोन्हींवर ब्लाउज शिवायचा असतो, पण यंत्राच्या साडीतला काठ कापताना धागे सुटतात, आधी फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) लावावं लागतं. 2010 पासून पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून पैठणी छापाच्या कापडाला बिलावर "पैठणी" लिहू नका, "पैठणी प्रिंट" लिहा.

हिमरूकडेही बघा. सुती आणि रेशमी धाग्यांचा हा संभाजीनगरचा कपडा. शालीपुरता उरला असं वाटत होतं, पण त्याचं बारीक बुट्टीचं कापड जॅकेटला आणि ब्लाउजला फार छान बसतं. नांदेड, हिंगोलीकडच्या तांड्यांवरचं आरसे-कवड्यांचं भरतकाम तर ब्लाउजच्या पाठीसाठीच जन्मलं असावं. ते घ्यायचं तर तांड्यावरच्या बायकांकडून भरून घ्या, मशीनवर नक्कल करू नका. कामही चांगलं होतं आणि चार पैसे तिकडे जातात. आणि अजिंठ्याला गेलात तर लेण्यांतल्या चित्रांमधले कपडे बघा, पट्ट्यापट्ट्यांचे, बुट्ट्यांचे. मी तिथं गाइडला कंटाळून अर्धा तास एकाच चित्रातल्या वस्त्राचे पट्टे मोजत उभी होते.

नकलेचं थोडं

एकेका ब्लाउजपुरता फोटोसारखा गळा शिवणं हा आपला रोजचा धंदा आहे. पण दुसऱ्या कंपनीचं नाव, चिन्ह, छापलेली खास नक्षी उचलून दहा-वीस नग काढून विकणं वेगळं, त्यात पाय अडकतो. आणि तुमचं स्वतःचं काही खरोखर नवीन असेल, समजा काठाची नक्षी, तर डिझाइन कायदा 2000 खाली ते नोंदवता येतं. संरक्षण आधी 10 वर्षं, मग आणखी 5 वर्षं वाढवून मिळतं. गोम अशी, की अर्ज करायच्या आधी ते कुठेही जाहीर झालेलं नसावं. हौसेनं आधी रील टाकली की नवेपण संपलं. आणि नोंदणी न करता तेच डिझाइन कारखान्यात 50 हून जास्त नगांवर गेलं की त्यावरचा कॉपीराइटही उरत नाही.

नवरीचं डिझाइन तिच्या लग्नाआधी कुणाला दाखवू नका, हा माझा घरचा कायदा. फोटो टाकायचा तर लग्नानंतर, तिला विचारून.

रोज, आठवड्याला, वर्षाला

रोज संध्याकाळी दुकान बंद करताना पाच मिनिटं: आज कुणी काय मागितलं त्याच्या रेघा. आठवड्याला एकदा पाऊण तास, घड्याळ लावून: पाच जागा बघणं, जास्तीत जास्त सहा नोंदी. सातवं डिझाइन आवडलं तर सहातलं एक खोडायचं. मी हे बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी करते, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. महिन्याला एकदा वहीचा कापडाचा भाग. आणि पाडव्याच्या आधी, नवी वही काढताना, जुनी वही पहिल्या पानापासून चाळायची. ज्या नोंदीला वर्षभरात एकही रेघ पडली नाही तिच्यावर आडवी रेघ मारायची आणि फोनमधला फोटो काढून टाकायचा. माझ्या पहिल्या वर्षीच्या निम्म्याहून जास्त नोंदी अशा खोडल्या गेल्या. तेव्हा वाईट वाटलं. आता नवीन नोंद लिहितानाच हात जरा थांबतो.

खोडलेली पानं मात्र फाडू नका. मागच्या पावसाळ्यात एक कॉलेजची मुलगी फुगा बाही मागायला आली आणि मी वही काढायच्या आत सासूबाईंनी पेटीतून स्वतःच्या लग्नातला ब्लाउज आणून टेबलावर टाकला. चुण्या मोजल्या. बावीस. माझ्या वहीत सोळा होत्या. आम्ही बावीस घातल्या.